मोटार शर्यतीचा ट्रॅक आणि स्थानिक पाठिंबा : संमतीच्या स्वरूपाचा विचार

प्रस्तावना

एखाद्या भागात मोठा प्रकल्प येऊ घातला की ‘स्थानिक जनतेचा प्रकल्पास पाठिंबा आहे’ हे विधान हमखास केले जाते. हा पाठिंबा नेमका कोणाचा, कशासाठी आणि किती काळासाठी, याची फोड मात्र क्वचितच केली जाते. धरण, रस्ता किंवा रुग्णालय यांच्या बाबतीत सार्वजनिक गरजेचा युक्तिवाद तरी करता येतो. मोटार शर्यतीच्या ट्रॅकबाबत तो करता येत नाही. शर्यत ही करमणूक आहे, क्रीडा आहे आणि व्यवसायही आहे; पण ती कोणाचीही निकड नाही. त्यामुळे अशा प्रकल्पाला स्थानिकांची संमती हाच खरा नैतिक आधार उरतो. म्हणूनच ‘स्थानिक पाठिंबा’ या संकल्पनेचा अभ्यास करण्यास मोटार शर्यतीचा ट्रॅक हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेख एखाद्या विशिष्ट प्रस्तावाविषयी नाही. भारतात उभ्या राहिलेल्या काही ट्रॅकचा अनुभव, भूसंपादनाचा कायदा आणि मराठवाड्यातील आपला स्वतःचा अनुभव यांच्या आधारे स्थानिक पाठिंब्याचे घटक स्पष्ट करणे हा लेखाचा उद्देश आहे. जालना जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा वाटला तरी तो तसा नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे. शेजारी वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रातील मोटार प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. जेथे महामार्ग आणि मोटार उद्योग येतात तेथे चाचणी ट्रॅक, चालक प्रशिक्षण केंद्र, शर्यतीचा ट्रॅक अशा मागण्या पुढेमागे येतातच. त्या वेळी उत्तर देण्याऐवजी आधी प्रश्न तयार असणे अधिक हिताचे आहे.

ट्रॅकचे स्वरूप आणि त्याची जमिनीची गरज

शर्यतीचा ट्रॅक हा वळणे व सरळ पट्टे असलेला, सार्वजनिक वाहतुकीपासून अलग ठेवलेला डांबरी मार्ग असतो. वळणाबाहेर गाडी घसरली तर ती थांबावी म्हणून मोकळी जागा, अडथळ्यांच्या भिंती, गाड्या दुरुस्त करण्याचे गाळे, वैद्यकीय केंद्र, अग्निशमन व्यवस्था आणि प्रेक्षकांसाठी सज्जे हे त्याचे आवश्यक भाग होत. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ सुरक्षिततेच्या निकषांवर ट्रॅकला श्रेणी देतो. फॉर्म्युला वन शर्यतीसाठी पहिली श्रेणी लागते. लहान कार्टिंग ट्रॅकला त्या मानाने थोडकीच जागा पुरते. महाराष्ट्रात कोल्हापूर येथे अशा प्रकारचा ट्रॅक असून राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत.

येथे एक साधा हिशेब मांडणे उपयोगी आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅकची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे. सरासरी रुंदी १५ मीटर धरली तर प्रत्यक्ष डांबरी मार्गाखाली सुमारे पावणेआठ हेक्टर, म्हणजे १९ एकर जमीन येते. सुरक्षेची मोकळी जागा, सज्जे, वाहनतळ हे सर्व मिळवून ही गरज कित्येक पटींनी वाढते हे खरे. तथापि यमुना द्रुतगती औद्योगिक विकास प्राधिकरणाने विशेष क्रीडा विकास क्षेत्रासाठी दिलेली जमीन सुमारे १००० हेक्टर, म्हणजे जवळपास २५०० एकर होती. या क्षेत्रात ट्रॅकखेरीज निवासी आणि व्यापारी बांधकामही अभिप्रेत होते. यावरून पहिला मुद्दा निष्पन्न होतो. ट्रॅकला पाठिंबा देणे आणि ट्रॅकच्या नावाने मागितलेल्या सर्व जमिनीला पाठिंबा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावकऱ्यांसमोर त्या एकत्र बांधून ठेवल्या जातात, म्हणून त्या सोडवून पाहणे आवश्यक ठरते.

भारतातील तीन अनुभव

भारतात मोटार शर्यतींची सुरुवात बांधीव ट्रॅकवर झाली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, पुढे वापरात न राहिलेल्या धावपट्ट्यांवर ती झाली. चेन्नईजवळील शोलावरम येथील धावपट्टी यासाठी प्रसिद्ध होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे अनेक वर्षे शर्यती भरविल्या. पुढे याच क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे जमीन घेऊन कायमचा ट्रॅक बांधला आणि १९९० साली तो सुरू झाला. म्हणजे आधी खेळाडू, यांत्रिक, स्वयंसेवक आणि प्रेक्षक तयार झाले. ट्रॅक त्यानंतर आला. नव्वदच्या दशकात त्याच परिसरात मोटार उद्योग वाढला आणि ट्रॅकला वर्षभराचा उपयोगही मिळाला.

दुसरे उदाहरण कोइम्बतूरचे. गिरण्यांची यंत्रे, मोटारपंप आणि लहान-मोठी वर्कशॉप यांचे हे शहर. एस. करिवर्धन यांनी येथे शर्यतीच्या गाड्या घडविल्या आणि कमी खर्चात तरुण चालकांना संधी उपलब्ध करून दिली. १९९५ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने चेट्टीपालयम येथे उभारलेला ‘करी मोटर स्पीडवे’ २००३ साली सुरू झाला. त्याची लांबी केवळ २.१ किलोमीटर आहे. राष्ट्रीय स्पर्धांबरोबरच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी बनविलेल्या गाड्यांची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धाही येथे होत आली आहे. ट्रॅक लहान असला तरी तो वापरात राहिला, ही बाब लक्षणीय आहे.

तिसरे उदाहरण बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅकचे. जर्मन रचनाकार हर्मान टिल्के यांनी आखलेल्या या ट्रॅकवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तीनही वर्षी सेबास्टियन व्हेटेल विजयी झाला. त्यानंतर ही शर्यत भारतात झाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये येथे मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक शर्यत झाली. २०२४ साली तिची पुनरावृत्ती होऊ शकली नाही. दरम्यान थकबाकीच्या कारणावरून प्राधिकरणाने २०२० साली जमिनीचे वाटप रद्द केले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ साली हा निर्णय कायम ठेवला.

या ट्रॅकभोवतीचा कायदेशीर इतिहासही बोलका आहे. राज्य शासनाने शर्यतीला करमणूक करातून दिलेली सूट वादात सापडली. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीच्या उत्पन्नातील २५ टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. पुढे एप्रिल २०१७ मध्ये, हा ट्रॅक म्हणजे विदेशी आयोजक कंपनीचे भारतातील स्थिर व्यवसायस्थान होय आणि त्यामुळे तिचे येथील उत्पन्न करपात्र आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

शेतकऱ्यांची बाजू याहून गंभीर आहे. यमुना द्रुतगती मार्गाच्या परिसरातील भूसंपादनाविरुद्ध मे २०११ मध्ये भट्टा-पारसौल येथे झालेल्या संघर्षात शेतकरी आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. ही जमीन ट्रॅकची नव्हती. पण प्राधिकरण तेच, कायदा तोच आणि जिल्हाही तोच होता. याच जिल्ह्यात पाच-सहा महिन्यांनी पहिली शर्यत झाली. प्राधिकरण क्षेत्रातील शेतकऱ्यांना ६४.७ टक्के अतिरिक्त मोबदला देण्याचा शासनाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला तो २०२२ साली. शर्यती तीन वर्षांत संपल्या, परंतु मोबदल्याचा वाद त्यानंतरही दीर्घकाळ चालला. ट्रॅकचे आयुष्य आणि जमीन देणाऱ्याच्या प्रश्नाचे आयुष्य सारखे नसते, हे यावरून स्पष्ट होते.

परदेशातील दोन दाखले

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. दक्षिण कोरियाच्या दक्षिण जिओल्ला प्रांतात येओंगाम या ग्रामीण, किनारी भागात विकासाच्या अपेक्षेने ट्रॅक बांधण्यात आला. २०१० ते २०१३ अशा चार फॉर्म्युला वन शर्यती तेथे झाल्या आणि तोट्याचा मोठा भार प्रांतिक शासनावर पडला. याउलट नेदरलँड्समधील झांडव्होर्ट हा १९४८ पासूनचा ट्रॅक समुद्रकाठच्या वस्तीला लागूनच आहे. तेथे आवाजाविषयी तक्रारी झाल्या, पर्यावरणाच्या प्रश्नावर न्यायालयीन लढाया झाल्या. परंतु मोठ्या आवाजाच्या शर्यतींना वर्षातील मोजकेच दिवस ठरवून देण्याची पद्धत तेथे रुजली. २०२१ साली फॉर्म्युला वन तेथे परतली. पाठिंबा म्हणजे विरोधाचा अभाव नव्हे, हे या दुसऱ्या दाखल्यातून समजते. विरोधाला जागा ठेवणारी आणि त्यानुसार मर्यादा पाळणारी व्यवस्था जेथे असते तेथे पाठिंबा टिकतो.

कायद्यातील संमती आणि तिच्या मर्यादा

२०१३ चा भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यातील सार्वजनिक प्रयोजनाच्या व्याख्येत क्रीडा प्रकल्पांचा समावेश आहे. खासगी कंपनीसाठी संपादन करावयाचे असेल तर ८० टक्के, आणि शासन व खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक मानली आहे. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, ग्रामसभेशी विचारविनिमय आणि जनसुनावणी यांचीही तरतूद आहे. बहुपीक बागायती जमीन अपवादात्मक परिस्थितीतच, अखेरचा पर्याय म्हणून घ्यावी असे कायदा सांगतो. ग्रामीण भागात बाजारमूल्याला एक ते दोन यांमधील गुणक लावून त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे.

तथापि या संमतीच्या दोन मर्यादा अभ्यासकांनी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा म्हणजे ८० किंवा ७० टक्क्यांची मोजणी मुख्यतः जमीनधारक कुटुंबांची होते. त्या जमिनीवर राबणारा शेतमजूर, बटाईदार किंवा कारागीर हा कायद्याच्या दृष्टीने बाधित असून, तो तीन वर्षांपासून तेथे उपजीविका करीत असल्यास पुनर्वसनाच्या लाभास पात्र ठरतो. परंतु संमतीच्या मोजणीत त्याचे मत धरले जात नाही. ज्या मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेथे ही बाब किरकोळ मानता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचा रोजगार जातो, पण त्याला विचारले जात नाही. दुसरी मर्यादा अशी की, महाराष्ट्राने २०१८ साली केलेल्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना संमती व सामाजिक मूल्यमापनाच्या अटींतून सूट देण्याचा मार्ग मोकळा केला. त्यामुळे ‘कायदेशीर प्रक्रिया पूर्ण झाली’ याचा अर्थ ‘स्थानिकांनी संमती दिली’ असा प्रत्येक वेळी घेता येत नाही.

आवाजाचा प्रश्नही कायद्याच्या कक्षेत येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, महाविद्यालये व रुग्णालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र मानले जाते. शर्यतीच्या इंजिनांचा आवाज शंभर मीटरवर थांबत नाही. वस्ती, शाळा आणि जनावरांचे गोठे ट्रॅकपासून किती अंतरावर आहेत, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असले पाहिजे.

आपल्या अनुभवातील तीन मोजमापे

स्थानिक पाठिंबा मोजण्यासाठी बाहेरून निकष आणण्याची गरज नाही. आपल्याच भागात तीन मोजमापे उपलब्ध आहेत.

पहिले मोजमाप सहकारी साखर कारखान्याचे. अंबड तालुक्यातील अंकुशनगरची ओळखच समर्थ सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेल्या सहकारी कारखानदारीत शेतकऱ्याचा पाठिंबा म्हणजे भागभांडवल होते. तो सभासद होता, ऊस पुरविणारा होता आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क होता. राज्यातील अनेक सहकारी कारखाने पुढे कर्जात बुडाले, काही विकले गेले, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही प्रकल्प उभा राहिल्यानंतर त्यात आपला वाटा व आपला शब्द असणे, ही या रचनेतील मूळ कल्पना आजही मोलाची आहे.

दुसरे मोजमाप समृद्धी महामार्गाचे. १० जिल्हे आणि ३९२ गावांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या या मार्गासाठी प्रथम भूसंचय योजना मांडण्यात आली. तिला अनेक ठिकाणी विरोध झाला. त्यानंतर २०१७ पासून वाढीव मोबदला देऊन थेट खरेदीचा मार्ग स्वीकारल्यावर संपादनाला गती आली आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला. येथे पाठिंबा किमतीने मिळाला. असा पाठिंबा खोटा नसतो, पण तो एका व्यवहारापुरता असतो. रक्कम हाती आल्यानंतर जमीन देणाऱ्याचा प्रकल्पाशी संबंध संपतो. रस्त्याच्या बाबतीत हे चालू शकते, कारण रस्ता सर्वांच्या उपयोगाचा असतो. वर्षातील मोजके दिवस गजबजणाऱ्या आणि तिकीट काढून प्रवेश देणाऱ्या ट्रॅकबाबत हेच पुरेसे आहे असे म्हणता येणार नाही.

तिसरे मोजमाप शंकरपटाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. प्राण्यांच्या वेदनेचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी मतभेद राहणारच. येथे लक्षात घ्यावयाची बाब निराळी आहे. जवळजवळ साडेसात वर्षांच्या बंदीनंतरही या शर्यतींचा पाठिंबा टिकून राहिला. कारण बैल गावचे होते, पट गावचा होता, पंच गावातले होते आणि वेळ जत्रेची होती. वेगाचे आकर्षण ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. प्रश्न त्या खेळात गावाचे स्थान प्रेक्षकाचे असणार की यजमानाचे, हा आहे.

अनुकूल बाजू

वरील विवेचनाचा अर्थ असे ट्रॅक नकोत असा होत नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचे मृत्यू झाले. अतिवेग हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. नव्या रुंद रस्त्यांवर दुचाकी पळविणाऱ्या तरुणांना बंदिस्त, देखरेखीखालील जागा आणि शास्त्रशुद्ध चालक प्रशिक्षण मिळणे हिताचेच आहे. अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांना चाचणीसाठी ट्रॅक मिळाला तर त्यांचे शिक्षण प्रत्यक्ष होते. २००७ पासून ‘बाहा’ या विद्यार्थी स्पर्धेसाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना मध्य प्रदेशातील पिथमपूर गाठावे लागत आले आहे. अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेकडे चाचणी ट्रॅक आहेत आणि छत्रपती संभाजीनगर परिसरात मोटारींचे सुटे भाग बनविणारे उद्योग आहेत. म्हणजे वर्षभराच्या वापराची बीजे या प्रदेशात आहेत. मात्र ती जागतिक शर्यतीच्या तीन दिवसांत नसून चाचणी, प्रशिक्षण आणि लहान स्पर्धा यांत आहेत.

ग्रामसभेसमोरील प्रश्न

यावरून कोणत्याही ट्रॅकच्या प्रस्तावापुढे ग्रामसभेने आणि तिला साहाय्य करणाऱ्या महाविद्यालयांनी पुढील प्रश्न ठेवावेत असे सुचवावेसे वाटते. प्रत्यक्ष ट्रॅकला किती जमीन लागणार आणि उरलेल्या जमिनीवर काय होणार? जमीन बागायती आहे की पडीक? वर्षातील किती दिवस ट्रॅक चालणार आणि उरलेल्या दिवसांचे उत्पन्न कोठून येणार? कायमस्वरूपी नोकऱ्या किती, आणि त्यांपैकी किती भूमिहीन कुटुंबांसाठी? मोठ्या आवाजाचे दिवस किती व ते परीक्षांच्या काळात येणार काय? पाणी कोणत्या स्रोतातून घेतले जाणार? करसवलत मागितली असल्यास तिचा भार कोणावर पडणार? शर्यत बंद पडली तर जमिनीचे काय होणार? केंद्रीय कायद्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षे वापराविना राहिलेली जमीन मूळ मालकास अथवा राज्याच्या भूमी बँकेस परत करण्याची कल्पना आहे. तिचा उल्लेख करारातच असणे श्रेयस्कर.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्यांनी तो काळ अनुभवला त्यांना पाण्याचा प्रश्न शेवटी ठेवता येणार नाही.

समारोप

शोलावरमच्या धावपट्टीपासून बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅकपर्यंतचा प्रवास पाहता असे दिसून येते की, ज्या ट्रॅकमागे स्थानिक खेळाडू, स्थानिक उद्योग आणि स्थानिक संस्था होत्या ते आकाराने लहान असूनही टिकले. जो वरून आला तो भव्य असूनही वादांत अडकला. स्थानिक पाठिंबा हा भूमिपूजनाच्या दिवशी जमलेल्या गर्दीवरून किंवा ठरावावरील सह्यांवरून ठरत नाही. पहिल्या शर्यतीनंतर दहा वर्षांनी त्या गावातील माणूस ट्रॅककडे कसा पाहतो, यावरून तो ठरतो. मालकीत वाटा, वापरात प्रवेश आणि निर्णयात शब्द या तीन गोष्टी ज्याला मिळाल्या त्याचाच पाठिंबा खरा मानावा. त्या न देता मिळविलेल्या होकाराला फार तर मूक संमती म्हणता येईल, आणि मूक संमतीवर उभ्या केलेल्या प्रकल्पाची किंमत बहुधा जमीन देणाऱ्यालाच मोजावी लागते. ती वेळ येऊ नये म्हणून प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.